हव साहेब

आत्याबाई, तुमचा लहाना पोरगा फौजेतून परत आला, कंपनीचा मोठा साहेब झाला, अन् मी त्यायच्यासंगं बोलनं टाकलं हाये. म्हनजे बोलतो, पन दोनच शब्द बोलतो. ते कोनते, ते समोर सांगतो. आज इतवार हाये. इतवारी ते माह्याकडं जेवाले येतेत. मी सकाळपासून एका जागी बसली नाई. अंगन दोनदा झाडलं. घरामांगच्या सांदवाडीत वालाच्या शेंगा तोडाले गेली अन् अर्ध्या तोडून परत आली. खाट सावलीतून उनात नेली, उनातून सावलीत आनली. शेवटी म्हटलं, कागद घेऊन बसू. तुमाले आठवते ना, तुमची पत्रं मीच लिवत होती. सातवी शिकलेली सून आनली म्हनून तुमी गावभर सांगत फिरत होत्या. तुमी चुलीजवळून सांगाचं अन् मी दारात उजेडाले बसून लिवाचं. तुमी सांगा, तब्येतीले जप. मी त्याच्या खाली माह्यं घुसवू, भाऊजी, मिशीवर बर्फ जमला असन तं थोडा पाठवून द्या, इथं उनानं जीव चालला. वाचून दाखवताना माह्यं माह्यं गाळून टाकत होती. आता तुमालेच लिवून राह्यली. सांगनारं कोनी नाई, म्हनून आज सारं माह्यंच हाये.

मी लग्न होऊन आली तवा भाऊजी सायकलनं लाखनीच्या शाळेत जात होते. मिशी नुकती फुटली होती अन् ते तिले लपवत होते. देर-भावजयीनं एकमेकाची टर उडवाची, हे आपल्याकडं कोनाले शिकवा लागत नाई. पन मी जराशी जास्तच उडवत होती. रोवन्याच्या दिवसात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर खेकडा दिसला का हे माह्या मांगं. मी कमरेवर हात ठेवून म्हनू, निंघा जी खेकडेबुवा, आमचे भाऊजी भेतेत. एक डाव ते दुपारी झोपले होते तं मी त्यायच्या सदऱ्याचं टोक खाटेच्या नेवारीले बांधून टाकलं. तुमी हाक मारली, ते धडपडून उठले अन् खाट घेऊनच दारापर्यंत आले. तुमी चुलीजवळून उठल्या, हातात भाताचा चाटू. म्हनाल्या, सून हायेस का दंडारीतलं सोंग? मी मान खाली घातली. मंग तुमी चुलीकडं तोंड फिरवलं अन् तुमची पाठ हालून राह्यली होती. मले वाटलं रडता. जवळ येऊन पायतो तं तुमी पदर तोंडात कोंबून हासून राह्यल्या होत्या. त्या सांजीले भाताच्या गंजाच्या बुडाची खरपुडी तुमी मले एकटीले काढून दिली. शिक्षा म्हनून का बक्षीस म्हनून, ते मी कधी विचारलं नाई.

तुमी गेल्या तवा ते वरती बर्फात होते, त्यायले येता आलं नाई. हे तुमाले ठावं हाये. त्याच्यानंतरचं तुमाले ठावं नाई. त्यायले पदक भेटलं. मी सामोरच्या घरी टीव्हीवर पायलं. इतके ताठ उभे होते का मले वाटलं, पाठीत कोनी बांबू घातला. सारं गाव इचारे, काय केलं, काय केलं. सुट्टीत आले तं मीबी इचारलं. म्हनाले, काही नाई वयनी, उभा राह्यलो. बस, एवढंच. मी म्हटलं, उभं राहाचं पदक देतेत तं मले चुलीसमोर उभं राहाचे चार द्या. ते हासले, पन डोळे हासले नाईत. मी समजली, इथं खोदाचं नाई. मंग आमच्या घरचे, तुमचा थोरला, तेबी तुमच्या मांगं गेले. पोरगी लग्न होऊन पवनीले गेली. घरात मी अन् तुमचा फोटो. बोलाले तुमीच राह्यल्या, तं रोज काही ना काही सांगतच होती, आजच लिवून राह्यली असं समजू नका.

मंग भाऊजी कर्नल होऊन रिटायर झाले. दिल्लीकडं एका मोठ्या जागी सेक्युरिटीचं काम तयार ठेवलं होतं त्यायच्यासाठी, गाडी, बंगला, सारं. तितक्यात नागपूरच्या मालकायनं लाखनीच्या हायवेवरची राइस मिल चालवाले कोनी पाहिजे म्हनून इचारलं, अन् हे दिल्ली सोडून इकडं आले. बायको पुन्यालेच हाये, पोरीचं शिक्षन सुरू हाये म्हनून. मले म्हनाले, वयनी, आता आपल्या लोकायची कंपनी सांभाळतो. मी म्हटलं, मंग बदललं काय? आधीबी तुमी कंपनीच सांभाळत होते. फौजेत शंभर-सव्वाशे मानसायले कंपनी म्हनतेत, त्यायनंच कधी सांगतलं होतं मले. त्यायले ते इतकं आवडलं का मिलच्या पहिल्या भाषनात हेच सांगून टाकलं, माह्यं नाव न घेता. मी मांगं उभी होती. ती कंपनी हुकूम भेटला का जीव देत होती, ही कंपनी हुकूम भेटला का रजा मांगते, हे मी बाजूच्या बाईच्या कानात सांगतलं. ती हासली अन् तिचा चहा सांडला.

मले त्यायनं मिलच्या जेवनाचं काम देल्लं. म्हनाले, तुमच्या हातचं मी खाऊन मोठा झालो, आता मिलनं खावं. अन् एक पांढरा एप्रन देल्ला, त्याले सामोर मोठा खिसा. आत्याबाई, साऱ्या जन्मात मले पहिल्यांदा खिसा भेटला. लुगड्याच्या ओच्यात जे जे ठेवत होती ते सारं मी त्या खिशात ठेवलं, सुपारी, काडीपेटी, बामची डबी. पहिले तं दिवसभर हात खिशातच. बाया म्हनत, पहा, हिलेबी साहेब व्हाचं हाये.

भाऊजीनं मिल सरळ केली, हे मी कबूल करतो. पोत्यायची थप्पी अशी सरळ का दोरी लावून घ्या. सकाळी शिट्टी. ट्रकवाले आधी कुठीबी आडवे उभे करत, आता रांगेत. बायायसाठी पक्कं संडास बांधलं, आधी मिलच्या मांगं झुडपात जात होत्या. कोंड्याची धूळ नाकात जाऊ नये म्हनून तोंडाले बांधाले कपडे देल्ले. पगार ज्या दिवशी सांगतला त्या दिवशी. बाया त्यायले नावं ठेवत नव्हत्या. पन एक दिवस सामोरच्या घरची सून, तीबी मिलमध्येच हाये, तांदूळ येतो त्या पट्ट्याजवळ उभी राहून बाजूच्या बाईले काही गमतीचं सांगून राह्यली होती, अन् तिचा पदर पट्ट्यात गेला. मशीन बंद करेपर्यंत ती अर्धी ओढली गेली होती. वाचली, नुसता खांदा सोलला. भाऊजीनं तिले स्वतःच्या गाडीत दवाखान्यात नेलं. अन् दुसऱ्या दिवसापासून हुकूम, मशीन सुरू असताना कोनी बोलाचं नाई. पट्ट्याजवळबी नाई, बाया तांदूळ निवडतेत त्या टिनाच्या छपराखालीबी नाई, कुठीच नाई. आता तुमी सांगा, आपल्याकडच्या बाया तांदूळ निवडताना बोलनार नाई तं काय करनार? हात तं आपोआप चालतेत. तोंडच तं तेवढं स्वतःचं असते.

त्याच दिवसात नागपूरचे मालक आले, संगं बँकेचे लोक. मी चहा घेऊन गेली. मालकायनं भाऊजीचं पदक काचेच्या पेटीत घालून ऑफिसात लावलं हाये, वजनकाट्याच्या बाजूले, आल्यागेल्याले दिसलं पाहिजे म्हनून. मालक पदकाची कहानी सांगून राह्यले, कसे गोळ्या चालत होत्या, कसे हे मांगं हटले नाईत. भाऊजी बाजूले उभे, जमिनीकडं पाहत. मले ते तोंड आवडलं नाई. एवढं मोठं मानूस अन् तोंड असं का शाळेत अंगठे धरून उभं केलं हाये. म्हनून मी मधातच बोलली का आमचे भाऊजी गोळीले भीत नसतीन, पन खेकडा दिसला तं अजूनबी माह्या मांगं लपतेत. बँकेचे लोक हासले. मालक हासले. भाऊजीबी हासले, खरं सांगतो, दात दिसले मले. मंग पाहुने गेल्यावर मले केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हटलं नाई. स्वतःबी उभेच. म्हनाले, "वयनी, घरी मी तुमचा देर हाये. इथं नाई. इथं माह्या सामोर जसे सारे बोलतेत तसंच तुमी बोलाचं. समजलं?"

मी म्हटलं, "हव साहेब."

आता तुमाले हव काय ते मी सांगाची गरज नाई, तुमच्यापासूनच शिकली. पन तुमचा पोरगा तीस वर्सं बाहेर राह्यला, तो विसरला. मामंजी म्हनाले होते, ती लंगडी बकरी बाजारात नेऊन विका. तुमी म्हटलं, हव. दुसऱ्या बाजारीबी म्हटलं, हव. मामंजी इचारत राह्यले, तुमी हव म्हनत राह्यल्या, अन् बकरी म्हातारी होऊन आपल्याच दारात मेली. तुमी कधी नाई म्हटलं नाई त्यायले. अन् केलंबी नाई. आपल्याकडं मोठ्याच्या तोंडावर नाई म्हनाची चाल नाई, म्हनून देवानं आपल्याले हव देल्लं. हव म्हनजे तुमचं कानावर आलं. करू, असं कुठी म्हटलं? फौजेत हव म्हटलं का बंदूक चालते. इथं हव म्हटलं का फक्त मान हालते.

त्या दिवसापासून मी त्यायच्यासंगं दुसरं काही बोलली नाई. वयनी, भाजी चांगली झाली. हव साहेब. वयनी, पाय दुखते का अजून? हव साहेब. पहिल्या इतवारी जेवाले आले तं म्हनाले, घरी तरी साहेब म्हनू नका. मी म्हटलं, हव साहेब. त्यायनं घास तसाच खाली ठेवला. मले आतून गुदगुल्याबी झाल्या अन् वाईटबी वाटलं, दोन्ही बराबर. पन मी सोडलं नाई. मिलच्या बायायले हे दिसलं. आधी त्या काही ना काही सांगत होत्या त्यायले, साहेब, पंखा चालत नाई, साहेब, दुपारी लेकराले पाजाले जाऊ द्या. आता साऱ्या माह्यासारख्या. त्यायनं काहीबी सांगतलं का टिनाखालून एकच आवाज, हव साहेब. अन् भाऊजीले वाटलं, आता कुठं शिस्त आली. मालकायले फोनवर सांगत होते, लोक तयार झाले. मी बाजूलेच कप धुवून राह्यली होती.

तं आता इथं येऊन अडलं हाये. मालकायले मोठी ऑर्डर भेटली, भाऊजीनं शब्द देल्ला का उद्या सोमवारपासून रात्रपाळी सुरू करतो, दुप्पट तांदूळ काढून देतो. साऱ्या बायायले एका जागी उभं करून इचारलं, करान ना? कोनाले अडचन? बायायनं म्हटलं, हव साहेब. अन् त्याच बाया उद्या सकाळी फाट्यावरून दुसऱ्या मिलच्या गाडीत बसनार हायेत. तिथं टिन गळते, पगार लांबते, संडास नाई. पन तिथं बोलता येते. माह्या चुलीजवळ बसूनच सारं ठरलं, म्हनून मले ठावं हाये. भाऊजीले काहीच ठावं नाई. उद्या शिट्टी वाजवतीन अन् मिलमध्ये कोनी राहनार नाई. मंग मालक दुसरा मानूस आनतीन. भाऊजीनं मले एकदा सांगतलंच होतं, इथं जमलं नाई तं दिल्लीचं दार अजून उघडं हाये. मी सांगतलं तं बाया म्हनतीन, आपल्यातली फुटली. नाई सांगतलं तं हे गेले. अन् हे गेले तं तुमच्या घरचं माह्या वाट्याले एवढंच राह्यलं होतं, तेबी गेलं. पन आधी मी काहून बोलू? हुकूम त्यायनं देल्ला होता. म्हनून सकाळपासून खाट इकडून तिकडं करून राह्यली.

थांबा, गाडी आली वाटते. मंग लिवतो.

आता ऊन कलतं झालं हाये. ते गेले. सारं होतं तसं सांगतो, नाईतं मी माह्या बाजूनं वळवीन, तुमाले माह्यी सवय ठावं हाये.

आले, पाय धुतले, तुमच्या फोटोपुढं उभे राह्यले. नेहमी उभे राहतेत त्याच्यापेक्षा जास्त. मी ताट वाढलं, वालाच्या शेंगा, लाखोळीचं वरन, भात. आज भलतेच खुशीत होते. शाळेत पहिला नंबर आला का कसे बोलत नव्हते, पन पाय हालवत होते, तसे पाय हालवून राह्यले. सांगू लागले का उद्या रात्रपाळी सुरू होईन, मालक स्वतः फोन करून शाबासकी देऊन राह्यले, अन् सगळ्यायनं एका आवाजात साथ देल्ली. फौजेतबी एवढ्या लवकर मानसं ऐकत नाईत, म्हनाले. मंग मले म्हनाले, "वयनी, उद्या रात्रीच्या चहाले थांबान ना?"

आत्याबाई, माह्या तोंडात हव साहेब आलंच होतं. अर्धं तं बाहेरबी पडलं. ह पर्यंत. मी त्यायच्या ताटाकडं पायलं. ते शेंगा वेगळ्या काढून शेवटी खातेत, लहानपनापासून, चांगलं ते शेवटी. शेंगांची ढिगली ताटाच्या काठाले तशीच होती.

मी म्हटलं, "नाई."

त्यायनं वर पायलं. इतके दिवसात पहिल्यांदा दुसरा शब्द ऐकला त्यायनं माह्या तोंडून. म्हनाले, तब्येत बरी नाई का? मी म्हटलं, तब्येत ठनठनीत हाये. मी नाई म्हनून राह्यली. अन् ज्या ज्या बायायनं तुमाले हव म्हटलं ना, त्याबी नाईच म्हनून राह्यल्या. तुमालेच ऐकू आलं नाई. मंग मी त्यायले तुमची बकरी सांगतली. ते ऐकत गेले अन् त्यायचा हात ताटात तसाच राह्यला, भात वाळून गेला बोटायले. मी रात्रपाळीचं सांगतलं, गाडीचं सांगतलं. तं लगेच साहेब झाले. कोन कोन जाऊन राह्यलं, म्हनाले. नावं सांगा. मी म्हटलं, ते मी सांगनार नाई, मी तुमची खबरी नाई. आवाज चढला त्यायचा. म्हनाले, पदर अडकून बाई मेली असती तं मी काय तोंड दाखवलं असतं तिच्या लेकरायले? मी मशीन चालवतो का गप्पायचा अड्डा? हे खोटं नव्हतंच ना. अर्धं ताट टाकून उठले, हात धुतले, चपला घातल्या, गाडीपर्यंत गेले.

मी ताट उचलाले वाकली. मले वाटलं, गेले. आता दिल्ली.

पन गाडीचा आवाज आला नाई. पायतो तं परत येऊन पायरीवर बसले होते, माह्याकडं पाठ करून. मी ताट हातात घेऊन दारात आली. मंग रस्त्याकडं पाहतच म्हनाले, "फौजेत माह्याजवळ एक सुभेदार होता, वयनी. दिवसभर येस सर म्हनाचा. अन् सांजीले एकटा येऊन सांगाचा, साब, आज तुमचं चुकलं. इथं मले वाटलं, कोनी नाई तसं." मंग चपलेकडं पाहत म्हनाले, "त्या दिवशी तुमी खेकड्याचं बोलल्या ना, मले बरं वाटलं होतं. ज्या दिवसाचं ते पदक हाये, त्या दिवशी माह्ये दोन जवान परत आले नाईत, अन् मालक ते कहानीसारखं सांगत होते. तुमी बोलल्या अन् मी हासलो. त्या दोघायच्या कहानीत मी हासलो. म्हनून राग आला. तुमच्यावर काढला."

मी ताट खाली ठेवलं अन् एप्रनच्या खिशात हात घातला, तं आज इतवार, एप्रन मिलमध्ये, नुसता लुगड्यावर हात फिरला.

मंग म्हनाले, आता काय करू? मी म्हटलं, मले काय इचारता, साहेब तुमी. ते म्हनाले, इचारून राह्यलो ना. तं मी म्हटलं, त्यायलेच इचारा. पन असं इचारा का हव म्हटलं तरी खरं निंघन. त्यायले समजलं नाई. मी म्हटलं, करान ना असं इचारू नका. नाई जमत ना, असं इचारा. ते माह्याकडं पाहतच राह्यले, जसा मी एखादा नकाशा उलटा धरून देल्ला.

सामोरच्या घरची सून अंगनात भांडी घासून राह्यली होती, खांद्यावर अजून पट्टी. भाऊजी तसेच रस्ता ओलांडून गेले. मीबी मांगं गेली, काहून का मले राहवलं नाई. ती धडपडून उठली, पदर सारखा केला. त्यायनं इचारलं, "बोलू देत नाई म्हनून माह्यावर राग हाये ना?"

तिनं माह्याकडं पायलं. मी तुळशीकडं पायलं.

"हव साहेब."

"उद्या गाडीनं जाऊन राह्यल्या ना?"

तिच्या हातातून राखेचं पानी टपटप खाली पडून राह्यलं होतं.

"हव साहेब."

"अन् मी म्हटलं, थांबा, तं थांबान?"

"हव साहेब," ती लगेच म्हनाली.

भाऊजी वळले. मले इचारलं, वयनी, हे तिसरं कोनतं? मी म्हटलं, हे आपलं नेहमीचं. आत्याबाई, ते हासले. मोठ्यानं नाई, नाकातून, पन या डाव डोळेबी हासले. ती पोरगीबी हासली, अन् हासताना खांदा दुखला तं आई गं म्हनून बसली. मंग बसल्या बसल्याच तिनं सांगाले सुरू केलं. पट्ट्याजवळ बोलनं बंद ठेवा साहेब, तिथं मीच चुकली, पन निवडायच्या टिनाखाली कायले? तिथं कोनती मशीन हाये? अन् रात्री घरून कोन पोचवन? ती बोलत गेली अन् ते उभे राहून ऐकत गेले, हात पाठीमांगं. एकदाबी मधात बोलले नाईत. संपल्यावर म्हनाले, इचार करतो.

साहेब लोकायचं इचार करतो म्हनजे आपलं हव. हे मी त्यायले तोंडावर सांगतलं, गाडीत बसताना. ते म्हनाले, तुमी फार बोलता वयनी. मी म्हटलं, बंदी उठली का? गाडी सुरू करून मिलकडं गेले, इतवार असून. उद्या सकाळी काय करतीन, कोनाच्या दारी जातीन, का शिट्टीच वाजवतीन, मले ठावं नाई. ती सून रस्त्यावरूनच साऱ्यायले सांगत गेली असन एव्हाना, पन त्यायनं काय ठरवलं तेबी मले ठावं नाई. फाट्यावर गाडी तं येनारच हाये.

अर्धं ताट त्यायचं राह्यलं होतं, ते मी खाल्लं. शेंगा पन.

हा कागद तुमाले पोचवाचा रस्ता मले ठावं नाई, अन् कोनाले वाचू द्याचा नाई. तांदळाचा पिपा एका बाजूनं डुगडुगते, त्याच्याखाली घडी करून ठेवतो. तेवढं तरी काम करन तुमचं पत्र.

एक राह्यलं. त्यायले मी सारं सांगतलं, पन एक नाई सांगतलं, तुमालेच सांगतो. परवा चुलीजवळ बायायनं मलेबी इचारलं होतं, तूबी येशीन ना आमच्यासंगं गाडीत, तिथं सैपाकाले कोनी नाई. मी त्यायले हव म्हटलं. तवापासून मी मनातल्या मनात ते हव फिरवून फिरवून पाहून राह्यली. ते कोनतं होतं, मले अजूनबी समजलं नाई.